मुचानेताच्या दोन आज्या

गुतू, ता. ३ ऑगस्ट १९८६

विहीणबाई रोझिना यांना मायदेईचा सप्रेम न. वि. वि. सप्रेम लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं, मनावर घेऊ नका.

माझी सेकाय तुमच्या घरी नांदायला आली त्याला दीड वर्ष झालं. तिला सातवा लागला हे मला तुमच्याकडून नाही, म्वुमाहून येणाऱ्या निळ्या बसच्या कंडक्टरकडून कळलं. शाबास. पहिलं बाळंतपण माहेरी, आणि पोटुशी पोर माहेरी पोचवायची तर जावयानं दोन बकऱ्या घेऊन यायचं, हे आमच्याकडं शेंबड्या पोराला ठाऊक आहे. तुमच्या गारिकायला कुणी सांगितलं नाही का? मला बकऱ्यांची भूक नाही. गोठ्यात अकरा आहेत, त्यातली एक व्यायला टेकलीय. पण बकऱ्या आल्याशिवाय पोरीला घरात घेतलं तर गाव माझ्या तोंडात शेण घालेल, आणि त्या येईपर्यंत जावयाच्या दारात मला पाऊलही टाकता येत नाही. म्हणजे पोर तिकडं, मी इकडं, आणि मधे तुमचा आळस.

तुमचे डोळे अधू झालेत, पत्रं सुनेकडून वाचून घेता आणि तिच्याकडूनच लिहवता असं ऐकलं. बरंच आहे. तर ऐका. पाण्याचा डबा आता तिच्या डोक्यावर द्यायचा नाही. पेजेत शेंगदाणे कुटून घाला, भोपळ्याचा पाला रोज, घेवडा, जमेल तेव्हा अंडं. पोटुशीनं अंडं खाल्लं की पोर टकलं निपजतं म्हणणारी कुणी शेजारीण असेल तर तिला माझ्याकडं पाठवा. मी आठ पोरं अंडी खाऊन काढली. टक्कल पडलं ते नवऱ्याला. सेकायला वारुळाची माती खायची ओढ लागेल, तिची जुनी खोड आहे. अंगात रक्त कमी असलं की असं होतं. दवाखान्यातून लोहाच्या गोळ्या आणा, आणि त्या चहाबरोबर गिळायच्या नाहीत, पाण्याबरोबर. वाट मोकळी व्हायला मुळ्या देते म्हणत कुणी म्हातारी आली तर तिला आल्या पावली हाकला.

लोभाचं तुमचं तुम्ही बघा. बकऱ्या असाव्यात ही विनंती.
मायदेई

म्वुमा, ता. ११ ऑगस्ट १९८६

मायदेईबाईंना रोझिनाचा सा. न. वि. वि.

पत्र सुनेनं वाचून दाखवलं. मधेच हसत होती, का ते मला समजलं नाही. बाई, हे शहर आहे. खाणीच्या चाळीत बकऱ्या कुठं बांधू, पलंगाला? गारिकाय खाणीची यंत्रं दुरुस्त करतो, त्याला बकऱ्या हाकायला रजा मिळत नाही. इथं दवाखाना दहा मिनिटांवर आहे. तुमच्याकडं अडलेल्या बाईला बैलगाडीत घालून अर्धा दिवस हिंदकळत न्यावं लागतं. तिथं मी सून पाठवू? आणि वर बकऱ्या देऊ?

इथं सगळी तयारी आहे. लोकरीचे तीन जोड विणलेत. दुधाची बाटली, रबरी बोंडी, पावडरचे चार डबे आणून फळीवर ठेवलेत. तुमच्या लेकीचं म्हणाल तर ती दुपारी झोपते. पायाला सूज आलीय म्हणते आणि अनवाणी फिरते. गारिकायच्या वेळी मी कळा सुरू होईपर्यंत मका कांडत होते. पण आमच्या आया आम्हाला काम शिकवायच्या.

(आई, हे लिहिणारी मीच. त्यांचे डोळे मिटलेत. सूज संध्याकाळी येते, सकाळी उतरते. माती खाते, रागावू नकोस. रोज एक अंडं माझ्या ताटात पडतं. विचारलं तर म्हणतात, तडकलं होतं म्हणून दिलं.)

लोभ आहे तेवढाच राहू द्यावा, वाढवायची तसदी घेऊ नये.
रोझिना

गुतू, ता. १७ ऑगस्ट १९८६

रोझिनाबाईंना मायदेईचा न. वि. वि.

दवाखान्याचं तुमचं म्हणणं खरं आहे. एवढं एकच. बाकी पत्र चुलीला लावायला बरं पडलं.

दुपारी झोपते तर झोपू द्या, डाव्या कुशीवर, पायाखाली उशी. संध्याकाळची सूज बाळाच्या ओझ्याची, तिची भीती नाही. पण तोंड सुजलं, हाताची बोटं सुजली, डोकं ठणकलं, डोळ्यांपुढं काजवे चमकले, की त्याच घटकेला दवाखाना. सकाळ होऊ दे म्हणायचं नाही. माझी धाकटी बहीण सकाळ होऊ दे म्हणत गेली. रक्त दिसलं किंवा पोटातलं हलायचं थांबलं, तरी तेच.

पोर झाल्यावर नाळेला राख नाही, शेण नाही, तेल नाही. कोरडी राहू द्या, आपोआप गळते. आल्याआल्या घासूनपुसून अंघोळ नको. आधी आईच्या उघड्या छातीवर ठेवा, दोघांवर एक पांघरूण. पहिलं पिवळं चिकाचं दूध घाण म्हणून पिळून टाकायला सांगाल तर याद राखा, तेच पहिलं औषध. सहा महिने दुसरं काही नाही, पाण्याचा थेंबही नाही. आणि ती बाटली फळीवरून काढून फेका. तुमच्या चाळीत एका नळावर तीस घरं. ते बोंड कितीही धुवा, त्यात दूध नासतं आणि पोर हगवणीनं जातं. ज्या बाईला दोन छात्या आहेत तिला चार डबे कशाला?

उत्तर आलं नाही तरी कंस यावा.
मायदेई

म्वुमा, ता. २२ ऑक्टोबर १९८६

मायदेईबाईंना सा. न. वि. वि.

कळवायचं कारण, पाच दिवसांपूर्वी दवाखान्यात नात झाली. दोघी सुखरूप. बैलगाडी लागली नाही. नाव ठेवायचा मान मी घेतला. नाव मुचानेता. गुतूच्या माणसांना अर्थ सांगायला नको, तरी सांगते: तुम्हीच दमाल. भांडणाऱ्यानं घेतला तर अर्थ त्याचा.

तुमच्या लेकीला दूध कमी आहे. पोर सारखी रडते. मी एक वेळ बाटली सुरू केलीय आणि पोर गप्प झोपते. अनुभव तुम्हाला एकटीलाच नाही.

(आई, तिचे कान तुझ्यासारखे आहेत. दूध कमी नाही, ती तासातासाला मागते म्हणून त्यांना तसं वाटतं. मी नको म्हटलं. ऐकत नाहीत. तू येऊ शकत नाहीस का?)

आशीर्वाद द्यावा, सल्ला आवरता घ्यावा.
रोझिना

गुतू, ता. ३० ऑक्टोबर १९८६

रोझिनाबाईंना न. वि. वि. नातीला मुका.

नाव पोचलं. मी परवाच कुत्रं पाळलंय, त्याचं नाव ठेवलं: सुरुवात कुणी केली. दिवसातून दहा वेळा हाका मारते. वारा तुमच्या दिशेला असला तर ऐकू येईल.

तान्हं पोर तासाला मागतंच, त्याचं पोट लिंबाएवढं असतं. जेवढं पाजाल तेवढं येईल. एक वेळ बाटली दिली की छाती समजते गिऱ्हाईक गेलं, आणि दुकान बंद करते. दूध तुंबून गाठ झाली तर ऊन फडकं ठेवायचं आणि त्याच बाजूला आधी पाजायचं. दुखतं म्हणून थांबलं की पिकलं.

मला येता येत नाही हे ज्याला सांगायचं त्याला सांगा. बकऱ्या आल्या की सेकायच इकडं येईल. जावयाला दोन बकऱ्या नि एक शनिवार मिळत नाही, यावर माझा विश्वास नाही.

कृपा असो नसो, बाटली नसावी.
मायदेई

म्वुमा, ता. २५ नोव्हेंबर १९८६, मंगळवार

मायदेईबाईंना न. वि. वि.

सेकाय तापानं पडलीय. उजवी छाती दगडासारखी घट्ट नि लाल झालीय, हात लावू देत नाही, म्हणून पोरीला पूर्ण बाटलीवर ठेवलं. पोरीला तीन दिवस जुलाब आहेत. टाळू खाली बसलीय. चर्चमधल्या बायांनी टाळूवर पाल्याचा लगदा थापला. आज रेडिओत सांगतात ते साखरमिठाचं पाणी केलं. सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, बरोबर मोजून घातलं. घरात मोठी बाटली नव्हती, अर्ध्या मापाची होती, तीत केलं. ते पाजल्यापासून पोर जास्तच कळवळते, ओठ चाटते, आणि आता तर रडायचीही थांबलीय. गारिकाय पाळीवर आहे, उद्या दुपारी येईल, मग बघू. तुम्हाला पुष्कळ कळतं म्हणून निळ्या बसच्या कंडक्टरच्या हाती आजच कळवलं.

रोझिना

गुतू, ता. २६ नोव्हेंबर १९८६, बुधवार सकाळ

रोझिना,

आमच्या शाळेचे मास्तर मोटारसायकलवर तिकडं निघालेत, त्यांच्या हाती देते. तुमच्या पत्रातलं अक्षर सेकायचं नाही. पाकीट फोडलं आणि अक्षर बघून मी उंबऱ्यातच बसले. कुणाकडून लिहवलंत ते नंतर सांगा.

ते पाणी ओतून द्या. सहा चमचे आणि अर्धा चमचा हे मोठ्या बाटलीचं माप आहे, सरबताच्या उंच पाऊण लिटरच्या. तुम्ही तेवढंच अर्ध्या बाटलीत घातलंत. मीठ दुप्पट झालं. तान्ह्याला ते विष. गारिकायची वाट बघू नका. पोर पाठीला बांधा, सेकायला हाताला धरा आणि दवाखान्यात चला. हे पत्र पुढं वाचू नका. उरलेलं तिथं बाकावर बसून वाचा.

बसलात? आता ऐका. डॉक्टरला खरं सांगा, किती मीठ, किती वेळा. लाज धरू नका, लाजेनं पोरं मरतात. टाळूवरचा लगदा पुसून टाका. टाळू खाली बसते ती आतलं पाणी आटल्यामुळं, वरून थापून भरत नाही. पुढं कधी हे पाणी करायची वेळ आली तर उकळून निवलेलं पाणी, मोठी बाटली, चमचा सपाट, सुरीनं काठ सारखा केलेला. आधी स्वतः चाखायचं. आसवांपेक्षा खारट लागलं तर फेकायचं. चमच्या-चमच्यानं पाजायचं, ओकली तर थोडं थांबून परत. आणि आईचं दूध चालूच ठेवायचं. दुखऱ्या छातीला लावायची की नाही ते डॉक्टरला विचारा, तो लावच म्हणेल.

मी उद्याच्या निळ्या बसनं येते. तुमच्या घरी नाही. दवाखाना कुणा जावयाचं घर नाही, तिथं मला कोण अडवतो बघते. टपावर दोन बकऱ्या घालून आणतेय, माझ्याच, एक पांढऱ्या कानाची आणि एक बोकड. त्या गारिकायच्या हातात द्यायच्या. पोर बरी झाली की त्याच बकऱ्या, तीच बायको आणि तीच लेक घेऊन त्यानं माझ्या दारात रीतसर यायचं. पोर आधी आणि बकऱ्या मागून आल्या म्हणून म्हातारे कुरकुरतील. कुरकुरू देत. बकऱ्यांच्या कपाळावर मालकाचं नाव नसतं.

तुम्ही तोंड उघडलंत तर मीही उघडेन. पोर जगवा.
मायदेई

म्वुमा, ता. ६ डिसेंबर १९८६

मायदेईबाईंना रोझिनाचा सा. न. वि. वि.

हे पत्र गारिकायच्या खिशातून येतंय. त्याच्याबरोबर बायको, लेक आणि आमच्या दोन बकऱ्या येत आहेत. आमच्याच म्हणते, कारण तुमच्या बोकडानं दवाखान्याच्या वाफ्यातली सगळी रताळ्याची वेल खाल्ली आणि बोलणी आम्ही खाल्ली.

चार दिवस एकाच बाकावर दोन टोकांना बसलो आणि एक शब्द बोललो नाही, म्हणून लिहायची पाळी आली. तुम्ही चमचा धरलात, मी वाटी. नर्सनं विचारलं आजी कोण, तर दोघी एकदम उठलो. डॉक्टर म्हणाला आणखी अर्धा दिवस उशीर झाला असता तर. तुम्ही माझ्याकडं बघितलं नाहीत. त्याबद्दल इथं एवढंच. बाटली चुलीत घातली. रबराचा वास घरातून अजून गेला नाही.

अक्षर कुणाचं विचारलं होतंत. माझं. मिशनच्या शाळेत पाचवीपर्यंत होते. डोळेही शाबूत आहेत, तुमच्या झग्याची काखेतली शिवण उसवलीय ती बाकाच्या या टोकावरून दिसली. माझ्या पहिल्या खेपेला मला माहेरी पाठवलं नव्हतं. मी जिवंत आहे की नाही हे माझ्या आईला पाच महिने कळलं नाही. म्हणून सुनेला लिहायला बसवायची. म्हटलं, माझं बोलणं पटो न पटो, बाईला लेकीचं अक्षर तरी दिसेल. कंसातलं सगळं वाचलंय मी. पाकिटाला डिंक मीच लावायची. हा उपकार समजू नका, तुम्हाला लिहायचा माझा त्रास वाचत होता.

नाव तुमच्यासाठी ठेवलं होतं. पण त्या चार दिवसांत नर्स मुचानेता म्हणून हाक मारायची आणि दर वेळी मला वाटायचं, मलाच सांगतेय.

पोरीला दोन महिने ठेवून घ्या. मोठी बाटली बोचक्यात घातलीय, चमचाही, सपाट. अंडी घातलीत, त्यातली तडकलेली सेकायला. बकऱ्या मिळाल्याची पोच रीतसर द्यावी. स्वतः लिहू नका, तुमचं अक्षर कोंबडीच्या पायांचं. सेकायकडून लिहवा. मला तिचं अक्षर बघायचंय.

रोझिना