बाटली आडवी झाली, माय

माय, बाटली आडवी झाली. काल. गावातल्या निम्म्याच्या वर बायांनी आडव्या बाटलीच्या चित्रावर शिक्का मारला, आता दारूचं दुकान बंद! निकाल लागला तशी शाळेच्या पटांगणात बेंबीच्या देठापासून ओरडले मी. पन्नाशीला टेकलेली तुझी पत्रकार लेक फुगडी खेळली बघ. आज गुडघे ठणकून राह्यलेत, पण ठणकू दे.

पहिलं मतदान तूच उभं केल्तं. बाप त्या दुकानापायी गेला, तेव्हापासून तू इरेला पेटलेली. वाचता येत न्हवतं, पण दारोदार फिरून सह्या-अंगठे तूच जमवले. मी नुकतीच जालन्याच्या पेपराला बातम्या पाठवायला लागले होते. मतदानाच्या सकाळी माझी बातमी आली, ठळक टाइपात: ‘बाटली आडवी होणारच’. ओट्यावर बसून गल्लीला वाचून दाखवली, काय मिजास होती माझी! बाया म्हणल्या, “पेपरात आलं म्हंजी झालंच की,” आणि खुशाल कापूस वेचायला गेल्या. ह्या मतदानाचा कायदाच उफराटा. यादीतल्या एकूण बायांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पाहिजेत, म्हंजी जी आलीच न्हाई ती उभ्या बाटलीच्या, दुकानाच्या बाजूची. मोजक्या मतांनी हुकलं. संध्याकाळी भाकरी थापता थापता तू माझ्याकडं न बघता म्हणली, “गुडघ्याला बाशिंग बांधून बसली तू. काय होणार ते सांगत सुटली, काय करायचं ते कोण सांगंल?” मंग तू गेलीस, आणि कितीतरी वर्षं गावात कोणी मतदानाचं नावच काढलं न्हाई.

ह्या खेपेला मी प्रत्येक बातमीत एकच वाक्य घातलं: घरी बसलेली बाई म्हंजी उभी बाटली. सगळं बराबर चाललं होतं. आणि परवा मोबाईलवर बातम्या दाखवणाऱ्या गावातल्याच एकानं व्हिडिओ टाकला, ‘महिलांचा एकतर्फी विजय!’ मत पडायच्या आदल्या दिवशी! शेजारची वहिनी हातात फोन घेऊन आली. “अक्का, आपलं तर झालंच. मी उद्या केदारखेड्याकडं वेचणीला जाऊ का?” तशीच उठून त्या व्हिडिओवाल्याच्या घरी गेले. तो म्हणतो, “ताई, तुमच्याच बाजूनं बोललो ना?” म्हणलं, बाबा, बाजूनं बोलूनच एकदा मी गाव बुडवलंय. चल, लाव कॅमेरा. आणि सांगून टाकलं की जीत बिलकुल झालेली न्हाई, मागच्या वेळची बातमी माझी होती, ती चुकली म्हणून आपण हरलो. तासाभरात गल्लीत घरोघर तोच व्हिडिओ वाजत होता. काल सकाळी शाळेसमोर बघते तर कमरेला वेचणीच्या झोळ्या बांधलेल्या बाया रांगेत, वहिनी सगळ्यात पुढं. मजुरांचा टेम्पो रस्त्यावर हॉर्न वाजवतोय आणि ती त्याला हात दाखवून ओरडून राह्यली, “थांब की मेल्या, आधी बाटली पाडू दे!” मला इतकं हसू आलं, आणि मंग रडूच आलं.

आता सगळे म्हणून राह्यले, अक्कानं भर कॅमेऱ्यासमोर आपली चूक कबूल केली, केवढी हिंमत! हा कागद मी कुणाला दाखवणार न्हाई आणि तुला पाठवायला पत्ता न्हाई, म्हणून सांगते. मी निम्मीच कबूल केली, माय. त्या पहिल्या मतदानाला मी दिवसभर वही घेऊन बायांना विचारत फिरले, जीत तर आहेच ह्या तोऱ्यात, आणि शाळेचं फाटक बंद झालं तेव्हा ध्यानात आलं, माझंच मत टाकायचं राह्यलं. त्या संध्याकाळी चुलीपुढं तू विचारलं होतं, “तू तरी टाकलं ना गं?”

मी हो म्हणले होते.