फासळ्यांची शेगडी

आये, मी कोण ते आठवतंय का? जिवंत होतीस तेव्हाही थोरलीपासून सुरुवात करून चार पोरींची नावं घ्यायचीस आणि पाचव्या खेपेला माझ्यावर यायचीस. आता तर तुला जाऊन इतकी वर्षं झाली. तेव्हा सांगून ठेवते, मी तुझी शेवटची. दुबईत आहे, मुलाकडे. मला लिहिता येत नाही हे तुला ठाऊकच आहे, म्हणून मी बोलतेय आणि सून लिहितेय. मधूनच ती विचारते, "आई, हेपण लिहू?" मी म्हणते, लिही. सूनबाई, तुझ्या नवऱ्याबद्दलचं तर ठळक लिही.

भांडण शेगडीवरून आहे. दुबईत बर दुबई म्हणून भाग आहे, तिथली आमची बिल्डिंग जुनी, एसी सगळ्या बिल्डिंगला मिळून एकच. बाहेर भट्टी, आणि माझ्या खोलीत छताच्या जाळीतून दिवसभर गार वारा, नेमका गुडघ्यांवर. मी वॉचमनला धरलं तर तो म्हणतो, "अम्मा, या तो पूरी बिल्डिंग ठंडी, या पूरी बिल्डिंग गरम. बीच का बटन नहीं है." दोन वर्षं मी मोजे, शाल, कानटोपी घालून बसले. नात हसायची, "आजी, इट्स फोर्टी-फाइव्ह आउटसाइड!" मग समोरच्या दारातली सीरियाची म्हातारी कायमची लेकाकडे निघाली. तिला माझी भाषा येत नाही, मला तिची येत नाही. रोज लिफ्टपाशी एकमेकींचे गुडघे बघून मान हलवायचो, एवढीच ओळख. जायच्या दिवशी ती चाकांवरून एक वस्तू ढकलत माझ्या दारात आली. पांढरी, लोखंडाची, उपाशी बैलाच्या फासळ्या दिसाव्यात तशी. आत तेल असतं म्हणे, विजेवर तापतं. तिनं माझ्या गुडघ्याला हात लावला, "हबीबती, खलास," म्हणजे लाडके, संपलं, असं म्हणाली आणि डोळे पुसत गेली.

तेव्हापासून भर ऑगस्टात माझ्या खोलीत शेगडी चालते. वरून गार, खालून गरम. मुलगा हमरियाला कंपनीत मशिनं सांभाळतो, त्याला हे बघवत नाही. "आई, एकाच खोलीत दोन मशिनांची कुस्ती लावलीस." मी म्हटलं, लागू दे, मी माझ्या मशिनाकडून आहे. मग गेल्या शुक्रवारी घरात पाहुणे, सुनेनं मायक्रोवेव्ह लावला, नातीनं इस्त्री, आणि माझी शेगडी होतीच. खटकन् सगळं घर अंधारात. दुसऱ्याच दिवशी मुलानं माणूस बोलावून माझ्या खोलीतली जाळी पत्र्यानं बंद करून घेतली. हात झटकत म्हणाला, "यल्ला, चला, थंडी खलास. आता हे धूड खाली ठेवून येतो."

खरंच, खोलीत वारा येत नव्हता. गुडघे गप्प. माझ्याकडे बोलायला कारण उरलं नाही, आये. तरी मी शेगडीवर हात ठेवून बसले. म्हटलं, "हात लावून बघ." तो म्हणाला, "अगं पण आता कशाला हवीय?" तेव्हा मी त्याला तुझी चूल सांगितली.

मार्गशीर्षातली सकाळ आहे. मी सात-आठ वर्षांची. विहिरीवरून आलेय, परकर ओला, दात वाजतायत. चुलीच्या उजव्या अंगाला बोटभर जागा रिकामी दिसते आणि मी बसते. तू वेणीला धरून उठवतेस. "ऊठ. शेकत बसायला तू काय बाळंतीण आहेस? शेकून पोरीचं अंग जड होतं, आळशी होतं." त्या जागेवर दादा बसतो. त्याला शाळेत पाटीवर लिहायचं असतं, म्हणून त्याची बोटं शेकायची. माझ्या बोटांना भांडी घासायची होती. ती गार चालतात. पुढे सासरी तेच. तिथं दीर होते. मग मुलं झाली, त्यांना पुढे बसवलं. साठ-सत्तर वर्षं मी दुसऱ्यांसाठी जाळ केला आणि मागल्या दारी जाऊन बसले.

"ही मला मिळालेली पहिली ऊब आहे," मी मुलाला म्हटलं, "जिच्यापुढनं मला कोणी उठवलेलं नाही. आता तू उठव बघू." त्यानं शेगडी हातभर ओढली आणि सोडली. सून म्हणाली, "अहो, मी इस्त्री बाल्कनीत नेते. राहू दे ती." थोड्या वेळानं त्यानं शेगडी होती तिथं परत ढकलली. म्हणाला, "पण झोपताना बंद करायची." मी म्हटलं, इन्शाल्ला, देवाची मर्जी असेल तर. म्हणजे मी बंद करणार नाही, हे त्याला कळलं, पण हसला.

तर मी जिंकले, हे तुला कळवायचं होतं. मला गरज नाही तरी मी शेकते. माझं अंग जड होऊ दे, आळशी होऊ दे, काय करणार आहेस?

आता एक सांगते आणि थांबते, सुनेचा हात दुखतोय. तू चुलीपुढे असायचीस, पण भाकरी थापत. तोंड भाजायचं आणि पाठ मागल्या दाराच्या वाऱ्यात. मला ते दिसत होतं. भांडी घासून आत येताना ते दार लोटणं माझ्या हातात होतं. मी ते मुद्दाम उघडं ठेवायचे.

सून विचारते, हे पाठवायचं कुठे. कुठे पाठवणार, ठेव उशीखाली. आणि आये, तुझा राग गेला असेल तर तिकडून हुलग्याचं पीठ पाठव, माडग्याला. भाजून, दोनदा चाळून. तिळाच्या वड्या पाठवू नकोस, दात राहिले नाहीत.