बेबीची लाइट ड्यूटी

पाटन (जि. जबलपूर)
११ ऑगस्ट २०२४

चि. बेबी हिस बापूचे अ. उ. आ.

पत्राला फार उशीर झाला, राग मानू नकोस. फोन करत होतो, पण तू दोन मिनिटांत ड्यूटी आहे म्हणून ठेवून देतेस. कागद असा मधेच ठेवून देता येत नाही, म्हणून लिहून राहिलो.

इकडे सर्व ठीक. तुझ्या यशोधनकाकाचं बियाण्याचं दुकान चालून राहिलं आणि मी गल्ल्याशेजारी बसून गिऱ्हाइकांना पावसाची भीती घालतो. काळजी तुझीच. तुझी आई सांगत होती, दवाखान्यात परत रुजू झाल्यापासून तू सर्जरी वॉर्डात नुसती पळतेस. छान. ट्रकने डावा पाय गुडघ्याखाली नेला, त्या जागी नकली आला, आणि आमची नात दोन पायवाल्यांपेक्षा जास्त चालते. संध्याकाळी पाय सुजला की आईला सांगतेस, हवा लागली. कमाल आहे, जबलपूरची हवा फक्त डाव्या पायाला लागते.

आमच्या फॅक्टरीत विष्णुपंताची दोन बोटं प्रेसमध्ये गेली, तेव्हा त्याला लाइट ड्यूटी मिळाली. स्टोअरची खिडकी, खुर्ची, पंखा, चहा, थेट रिटायर होईपर्यंत. आम्ही भट्टीपाशी उभे राहून त्याच्या नशिबावर जळत होतो. अशी ड्यूटी मागितल्याशिवाय मिळत नाही आणि तू मागणारी नाहीस. म्हणून गेल्या सोमवारी मीच जबलपूरला येऊन तुमच्या मेट्रन सत्यवती मॅडमना भेटलो. अर्धा किलो खोव्याची जिलबी दिली आणि लेखी अर्जही दिला, की नातीला वॉर्डाचं काम झेपत नाही, बसून काम द्यावे. तोंडी बोलण्याला साहेबलोक किंमत देत नाहीत. मॅडमनी अर्ज दोनदा वाचला. अक्षर आवडलं असेल.

आभार मानू नकोस. घरच्या माणसाने एवढंही करू नये काय?

आशीर्वाद आहेतच, सोबत थोडी आठवणही ठेव.
तुझा बापू


चेरीताल, जबलपूर
१९ ऑगस्ट २०२४

ती. बापू यांना बेबीचा सा. न. वि. वि.

मराठी आईने तपासलं आहे. चुका तिच्या, राग माझा.

आभार कसे नको? तुमच्या कृपेने मी तळघरातल्या स्टोअरमध्ये बसते. ग्लोव्हजचे डबे एका फळीवरून दुसऱ्या फळीवर ठेवते, मग परत पहिल्या फळीवर. खुर्ची आहे, पंखा आहे, फक्त पेशंट नाहीत. चहावाले भैया काल हळूच विचारून गेले, की दीदीला कशाची शिक्षा झाली.

आता नीट ऐका. सुपरिंटेंडेंट साहेबांना मी वॉर्डात नकोच होते. त्यांना वाटतं, पेशंटला उठवताना मीच त्याच्या अंगावर पडेन. मेट्रन मॅडम माझ्यासाठी भांडल्या, तेव्हा कुठे सहा महिन्यांची ट्रायल मिळाली. मी आणि माझ्यासोबतच्या नर्सने, संपदाने, काम वाटून घेतलं. लांबचं धावणं तिचं, आणि तिच्या वाटची ड्रेसिंगं आणि सलाइनच्या सुया माझ्या, त्या मी स्टुलावर बसून करते. आजवर एक तक्रार नाही. तीस तारखेला कमिटी बसून वॉर्ड पक्का करणार होती. तेवढ्यात तुमचं सुंदर अक्षर पोचलं, आणि लेखी म्हणून मॅडमना ते साहेबांपुढे ठेवावंच लागलं. साहेब म्हणाले, घरचेच म्हणतात झेपत नाही, तर आपण कोण? आता कमिटी नाही म्हणाली की स्टोअर कायमचं.

पाय सुजतो, खरं आहे. तो माझा पाय आहे, त्याचं मी बघून राहिली. बाकीच्या नर्सांच्या कमरा दुखतात, पण त्यांच्या आजोबांनी अर्ज दिल्याचं ऐकलं नाही.

विष्णुपंतकाका इथल्या गढा मोहल्ल्यातच राहतात ना? लाइट ड्यूटी किती गोड होती, ते त्यांनाच विचारा. मग येऊन अर्ज परत घ्या. जिलबी परत मिळणार नाही, संपदाने खाल्ली.

तुमची माया आहे तशीच असू द्या, फक्त लेखी देऊ नका.
बेबी


पाटन
२८ ऑगस्ट २०२४

चि. बेबी हिस अ. उ. आ.

पत्र पोचलं. तुझ्या आईचं मराठी सुधारलं, जीभ मात्र तुझीच दिसली.

काल गढ्याला जाऊन विष्णुपंताला विचारलं. आधी तर त्याने मला चहाच विचारला नाही. मग म्हणाला, आम्ही सगळे खिडकीवरून जाताना त्याला जावईबापू म्हणायचो, ते त्याला अजून ऐकू येतं. मशीनवर परत घ्या म्हणून तो दर वर्षी मागायचा आणि फोरमन हसायचा. एवढ्या वर्षांचा मित्र, पण हे मला आता कळून राहिलं.

तिथून थेट दवाखाना. मेट्रनबाईंनी बसायला सांगितलं नाही. साहेबांकडे अर्ज परत मागितला, तर म्हणाले, फाइलला लागलेला कागद निघत नसतो. मला शिकवतात! फॅक्टरीत जन्म गेला माझा. कागद निघत नसेल तर त्यावर दुसरा कागद चढवायचा. तिथेच बाकावर बसून हिंदीत लिहिला. मतलब असा, की मागील अर्जदार एकोणऐंशी वर्षांचा, सहावी नापास असून त्यास मोतीबिंदू व धास्तीचा जुना आजार आहे. त्याने नातीला काम करताना एकदाही पाहिलेले नाही. सबब, झेपत नसल्याबद्दलचा अर्ज खुद्द अर्जदारासच लागू समजावा आणि नातीच्या कामाचे नातीला विचारावे. खाली सही केली, आणि कोणी शंका काढू नये म्हणून शेजारी अंगठाही उठवला.

साहेबांनी विचारलं, हे शुद्धीवर लिहिलं का. मी म्हणालो, मागचं नव्हतं, हे आहे. त्यांनी शिक्का मारून घेतला. तेव्हा कुठे मेट्रनबाईंनी खुर्ची पुढे केली.

माझ्या धास्तीला आता सरकारी शिक्का आहे, म्हणून विचारून घेतो: रात्री पायाला काही लावतेस का? नको, सांगू नकोस. तुझा पाय आहे.

परवा कमिटी. पोस्टाचा भरवसा नाही, म्हणून हे सकाळच्या बसच्या कंडक्टरकडे देतो. वॉर्ड मिळो की स्टोअर, त्याच दिवशी कळव.

जीव टांगणीला असलेला,
बापू

ता. क. लवकर कळव. नाही कळवलंस तर मी स्वतः चौकशीला येईन, आणि मी आल्यावर काय होतं ते तू पाहिलंच आहेस.