गुड्डीचा ढेकर

ती. ज्ञानोबामामा,

गुरुग्रामहून सुधन्वाचा साष्टांग नमस्कार. गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम करता, की मामीला नुसतं 'करतो' म्हणता? चेतना आणि मी, दोघं मजेत. इथली हवा अजून डोळ्यांना दिसत नाही, म्हणजे चांगली आहे.

मामा, तुम्ही जन्मभर सरकारी दवाखान्यात मेंढ्यांची पोटं तपासलीत आणि तुमचा हा भाचा जन्मभर संगणकासमोर बसला. पण या आठवड्यात मी जे पाहिलं ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला घास गोड लागायचा नाही. झालं असं, की आमच्या सोसायटीत गवत कापायच्या मशीनच्या आवाजावरून भांडण पेटलं आणि मीटिंगमध्ये मी गमतीने म्हणालो, त्यापेक्षा मेंढ्या पाळा. (इकडे गंमत करण्याआधी तशी सूचना द्यावी लागते, हे मला दहा वर्षांतही कळलं नाही.) कोणीतरी 'बिल्कुल इको-फ्रेंडली' म्हणालं आणि काम माझ्याच गळ्यात पडलं. मग पानिपतजवळच्या एका मेंढपाळाकडून मी दोन मेंढ्या आणल्या. मराठी माणूस पानिपताहून धडधाकट परतला, तेही काहीतरी मिळवून, असं मी ऑफिसात ज्याला त्याला सांगितलं. कोणी हसलं नाही. मेंढ्यांपैकी धीट ती गुड्डी. दुसरी पिंकी, ती माणूस दिसला की पंपहाऊसमागे पळते.

पहिले काही दिवस लॉन असं सुंदर दिसत होतं, की मी रोज एक फोटो ग्रुपवर टाकायचो. मग आली नवरात्रातली अष्टमी. त्या दिवशी इथे घरोघरी लहान मुलींना हलवा, पुरी आणि काळे चणे जेवायला घालतात. मुली मोजक्या, घरं भरपूर, त्यामुळे ताटं उरली. आठव्या मजल्यावरच्या आंटी गुड्डीला पाहून हळहळल्या, 'बेचारी रोज घास ही खाती है', आणि त्यांनी तिला हलवा भरवला. ते पाहून बाकीच्यांनाही पुण्य कमवायची आठवण झाली. गुड्डी कोणालाच नाही म्हणाली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती भिंतीकडे तोंड करून उभी. मान खाली, दात करकर वाजतायत, डावी कूस ढोलकीसारखी फुगलेली आणि रवंथ पूर्ण बंद. तुमचा फोन लागेना. (मोबाईल चार्ज करायचा असतो, मामा.) चेतनाने पलीकडच्या टॉवरमधल्या डॉक्टर शिवांगींना बोलावलं. त्या एरवी कुत्रीमांजरं बघतात, पण शिकल्या आपल्याकडे परभणीला. त्यांनी कुशीवर कान ठेवला आणि म्हणाल्या, "पोट थांबलंय."

तुम्हाला हे पाठ आहे, तरी सांगतो, कारण मला राहवत नाहीये. कोठीपोटात, म्हणजे मेंढीच्या पहिल्या मोठ्या पोटात, म्हणे जंतूंची एक अख्खी वस्ती असते आणि ती सावकाश गवत पचवायला सरावलेली असते. तिथे एकदम साखर आणि पीठ आलं, की भलतेच जंतू माजतात, आम्ल करतात, आणि जुने कामसू जंतू मरतात. (आमच्या कंपनीत नवं मॅनेजमेंट आलं तेव्हा हुबेहूब हेच झालं होतं.) डॉक्टरांनी नळीने गुड्डीच्या पोटात सोड्याचं पाणी सोडलं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आता पिंकीला धरा. हिच्या पोटात तिच्या पोटातलं पाणी घालायचंय."

पिंकीला धरताना काय झालं ते लिहीत नाही; माझा चष्मा अजून सापडलेला नाही. नळीने तिच्या पोटातलं ते हिरवट पाणी काढलं आणि चेतनाने श्रीखंडाच्या चक्क्याचं फडकं गाळायला दिलं. मामा, एका मेंढीची पचनशक्ती दुसरीला उसनी देता येते, हे तुम्ही मला लहानपणी का सांगितलं नाहीत? मी तुमच्याच कॉलेजात गेलो असतो.

मग आम्ही बसून राहिलो. आंटी जप करत होत्या आणि मधूनमधून रडत होत्या. त्यांना धीर द्यायला मी शेजारी बसलो, तर मलाच हुंदका आला. कोणी ऑफिसला गेलं नाही. दुपार कलली तेव्हा गुड्डीने मान वर केली आणि असा दणदणीत ढेकर दिला, की बाल्कन्यांमधून टाळ्या पडल्या. संध्याकाळी तिने वाळकं गवत हुंगलं, दोन काड्या खाल्ल्या, आणि जरा वेळाने तिचा जबडा डावी-उजवीकडे फिरायला लागला. रवंथ करणारी मेंढी इतकी देखणी दिसते, हे मला ठाऊक नव्हतं. आंटींनी माझा हात धरला होता, तो सोडलाच नाही.

आता सगळं सुरळीत आहे. काळजी नसावी. मामीला नमस्कार.

तुमचा,
सुधन्वा

ता. क. गुड्डीची डावी कूस पूर्ण उतरली. उजवी मात्र उतरेना. डॉक्टर शिवांगी म्हणतात, ती उतरणारही नाही, कारण तो हलवा नव्हे, कोकरू आहे.

ता. क. २. पिंकीचंही तसंच आहे. डॉक्टर शिवांगी नेमक्या दोघी व्यायच्या सुमारास माहेरी जाणार आहेत. तुमचं आणि मामीचं विमानाचं तिकीट चेतनाने काढलंय, खिडकीजवळचं. मामीला सांगा, दिल्ली बघायला बोलावलंय.