शेवटच्या ओळीखाली एक ओळ

कुरखेडा
१८ नोव्हेंबर २०२४

प्रिय सुरेंद्रदादा,

सप्रेम नमस्कार. घरी सगळे ठीक. धान कापून झाले, आई आता मळणीच्या घाईत आहे. गडचांदूरला डबा वेळेवर मिळतो ना? फोनवर तुला 'बरं, ठेवतो' म्हणायची इतकी घाई असते, की शेवटी पत्रच लिहायला घेतलं. हे तुला मधेच कापता येणार नाही.

तू दिलेला जुना लॅपटॉप अजून चालतो. आपल्या मच्छीमार सोसायटीने तलावातल्या मासेमारीची नोंद मला कॉम्प्युटरवर करून मागितली. जाळं ओढायला कोण आलं, कोणाच्या बाजूला किती रोहू, किती मरळ, असा तक्ता. माणसं कधी कमी, कधी जास्त, म्हणून जावास्क्रिप्टमध्ये एक फंक्शन लिहिलं. बटण दाबलं की शेवटच्या ओळीची नक्कल होऊन खाली नवी ओळ लागते. फार ऐटीत होते मी.

पण नक्कल ती नक्कलच, आतला मजकूरही सोबत आला. शेवटच्या ओळीत इस्तारीमामांचं नाव होतं. मी भराभर बटण दाबत गेले आणि घाईत फक्त किलो बदलले. दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या भिंतीवर कागद लागला, तर सगळे मासे एकट्या मामांनी धरलेले. "सारा तलाव माह्याच नावावर केला का वं पोरी?" म्हणत त्यांनी सगळ्या जाळेवाल्यांना चहा पाजला. लोक अजून त्यांना मालक म्हणून हाक मारतात आणि तेही ओ देतात.

मग सुधारलं. नक्कल करायची, आधी तिचे रकाने रिकामे करायचे, मगच खाली लावायची. हे प्रेमिलाकाकूंना कळलं, तर त्या बचत गटाच्या बाया घेऊन दारात हजर. "आमच्या तांदळालेबी असंच बटन करून दे." तेच ते परत लिहायचा माझा कंटाळा तू ओळखतोस. म्हणून फंक्शनच असं केलं, की त्याला कोणता तक्ता एवढंच सांगायचं. मासे असोत की तांदूळ, ओळ बरोबर त्याच्याच खाली लागते. आळशाची अक्कल, पण झकास चालते.

आता मुद्द्याचं सांगते. इतका वेळ टाळत होते.

बाबा फोनवर 'खांदा थोडासा दुखते' म्हणतात, ते खोटं. त्यांना आता जाळं ओढवत नाही. पावसाळ्यापासून आपल्या घरून मी जाते. पहिल्या दिवशी पाय चिखलात रुतला आणि सगळ्या बाप्यांसमोर तोंडावर पडले. आता मामा मला मधल्या जागी उभं करतात, तिथे जोर लागतो. दादा, मला ते काम मनापासून आवडतं. वाटा मात्र तुझ्या नावाने येतो, कारण सभासद तू आहेस.

परवाच्या सभेत मामाच म्हणाले, "सुरेंद्र त् येतच नाई. त्याचं नाव पुसून पोरीचं टाका न." सगळ्यांनी माना डोलावल्या. बाबा जमिनीकडे बघत बसले. मी म्हटलं, पुसू नका, माझी वेगळी ओळ लावा. पण एका घरची दोन नावं लावायची, तर आधीच्या सभासदाने सभेत उभं राहून हो म्हणावं लागतं, हा आपला रिवाज तुला ठाऊकच आहे.

घरी येताना बाबा म्हणाले, "पोरीनं वढलं त् मासे का जाळ्यात येत नाई? पण सुरेंद्रले वाटन, बापानं मले काढून टाकलं." ते गप्प का बसले होते, ते मला तेव्हा कळलं.

येत्या रविवारी पुन्हा सभा आहे. तू ये आणि सगळ्यांसमोर हो म्हण. नाही आलास तर तुझं नाव जाईल. त्या पुसलेल्या नावावर मी माझं लिहू देणार नाही, मग आपल्या घरचं कोणीच तलावात नसेल. याची मला फार भीती वाटते. कामाला राहा तू गडचांदूरलाच, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण मला तुझी जागा नको रे. तुझ्या शेजारची हवी.

तुझी धाकटी बहीण, आणि तू हो म्हणालास तर आपल्या घरची दुसरी सभासद,
रंजीता