टायरवर तुळशीरामची नजर

१७ फेब्रुवारी १९४२
सिंगापूर पडलं. फॅक्टरीच्या ऑफिसात सगळे नकाशा उघडून बसले, मी सरळ कमानिया गेटचा बाजार गाठला. मलायाचं रबर बंद, विलायतेनंही माल धाडणं थांबवलं, उरलंसुरलं लष्कराला, असं दुकानदार म्हणाला. सायकलचे शेवटचे दोन टायर उचलले. दूरदृष्टी लागते.

१९ फेब्रुवारी
टायर बसवले. शेजारचा तुळशीराम, फॅक्टरीत सुतार, अंगठ्यानं दाबून म्हणाला, मस्त आहेत भाऊ. काहून दाबले? नजर ठेवली पाहिजे.

२ मार्च
बायकोला, विनताला, नववा महिना लागला. दाई नर्मदाबाई ओमतीला राहते, टांगे मिळत नाहीत. विनताला म्हटलं, चिंता नको, कळा आल्या की सायकलवर दाई हजर करतो. तोवर टायर झिजवायचे नाहीत. फॅक्टरीत पायी.

६ मार्च
लेट मार्क. साहेबाला पंक्चर सांगितलं.
तुळशीराम विचारून राहिला, वहिनी कशा आहेत, सायकल घरीच असते का. वहिनींचं नुसतं निमित्त.

९ मार्च
रंगूनही गेलं. सायकल ओसरीच्या खांबाला साखळीनं बांधली, किल्ली जानव्याला. विनता म्हणते किल्ली घरी ठेवा. भोळी आहे.

१३ मार्च, संध्याकाळ, ओमती पोलीस ठाण्याच्या बाकावर
घात झाला. फॅक्टरीतून आलो तर साखळी तुटलेली, सायकल गायब, तुळशीरामच्या घराला कुलूप. माझा अंदाज चुकत नाही. आतून विनताचं ओरडणं ऐकू आलं. सायकल गेल्याचं दुःख तिलाही झालंच असणार. म्हटलं, आता सायकल घेऊनच तोंड दाखवीन. थेट इथं आलो. तुळशीरामचं नाव लिहून दिलं.

१४ मार्च
काल रात्री शिपायाला घेऊन घरी पोचलो तर अंगणात सायकल. बाजूला तुळशीराम घाम पुसत बसलेला. आत बाळ रडत होतं. कळा आल्यावर त्याची बायको विनताजवळ बसली आणि त्यानं छिन्नीनं साखळी तोडून नर्मदाबाईला कॅरिअरवर आणलं. बाळ अडलं होतं. आणखी थोडा उशीर झाला असता तर दोघी वाचल्या नसत्या, असं दाई म्हणाली.

मुलगी आहे. विनतानं विचारलं, "कुठं होते तुम्ही?"

फॅक्टरीत ओव्हरटाइम होता म्हटलं. तेवढ्यात ओसरीवर शिपाई तुळशीरामला मोठ्यानं म्हणाला, "बाबूजी ने तुम्हारे नाम चोरी लिखाई है, भैया. थाने चलना पड़ेगा."

विनतानं बाळाला घेऊन भिंतीकडे कूस बदलली.