खाडीवर दिलेला शब्द

२५ नोव्हेंबर १९७१
बोरीवलीला आले. नातू नंदकुमार फौजेत, सीमेवर. घरात त्याची बायको कुंदा एकटी, म्हणून मला गावाहून बोलावलं. खोली झकास, नळ घरात, कोळीण दारावर ताजे बोंबील आणते. कुंदा रोज नवऱ्याला पत्र लिहिते, आमटीत मीठ जास्त पडलं तेसुद्धा. त्याचं उत्तर एकच, अजून लिही. तिला म्हटलं, बाई गं, तो लढायला गेलाय की गप्पा हाणायला? हसली. मी तिसरी शिकलेली, पण तिचं बघून हे खरडायला घेतलं.

९ डिसेंबर
तार आली. नंदू गेला. कुंदा रडली नाही, नुसती बसून राहिली. मीही नाही रडले. म्हातारीला रडून काय मिळतं?

१८ डिसेंबर
गोराईच्या खाडीवर दहावं. नंदूचा चुलतभाऊ राजारामनं पिंड ठेवला. कावळा शिवेना. राजारामनं सगळी वचनं दिली, कुंदाला सांभाळू, घर सांभाळू. ढिम्म. ऊन चढलं, माझे पाय भाजले. मीच पुढं झाले नि म्हटलं, बाबा, तुझी कुंदा तुला रोज पत्र लिहील, आता शिव नि सोड आम्हाला. लगेच शिवला. कुंदानं नुसतं माझ्याकडे पाहिलं. दुसऱ्याच्या हातानं पाळायचा शब्द, मला काय जड?

४ जानेवारी १९७२
कुंदाची पत्रं जुन्याच पत्त्यावर जातात. आज उत्तर आलं. अक्षर नंदूचं. पोस्टमन म्हणाला, मागं अडकलेलं असेल. पण आत विचारलंय, परवा लोणच्याची बरणी कोणी फोडली. अजून लिही म्हणतो.

१९ जानेवारी
रोज येतंय. कुंदा दिवसभर लिहिते, जेवत नाही. तिचा भाऊ मार्तंड न्यायला आला, मी दारात आडवी झाले. वर्षश्राद्धाआधी सून घर सोडत नाही, आमची रीत, असं ठोकून दिलं. ती गेली तर लिहायचं कोणी, मी? जाऊ द्या म्हणून कुंदा माझे पाय धरत होती. सोडवले.

२ फेब्रुवारी
तिची बोटं वळत नाहीत. पेन्सिल हाताला बांधली — सुतळीनं —

६ फेब्रुवारी
कुंदा गेली. डॉक्टर म्हणे अशक्तपणा. सुटले —

९ फेब्रुवारी
पत्र. वर माझं नाव, सरूबाई. आजी, कुंदा इथं पोचली. शब्द तुझा होता, आता तू लिही.

१० फेब्रुवारी
राजारामला म्हटलं, मला गावी ने. तोवर दुसरं आलं — त्यावर गावचा पत्ता —

१२ फेब्रुवारी
नंदू, सकाळी पेज केली. दूध फाटलं. मांजर आलं, गेलं. तिसरीचीच आहे रे मी, अजून काय — भिंत पिवळी आहे. भिंतीला खिळा. खिळ्याला — पिशवी. पिशवीत